ऊसतोड कामगारांची मुलं आणि थकलेले शिक्षक: शाळेत समुपदेशनाची सोय कशी उभी करावी?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. पाचवी ते दहावी, पट साडेतीनशेच्या आसपास. दिवाळी झाली की गावातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची तर आई-बाप दोघांनाही जावंच लागतं. पोरं मागे आजीकडे राहतात. हंगामी वसतिगृहामुळे लहान मुलांच्या जेवणाचं बरंचसं भागतं, पण त्यांच्या मनात काय चाललंय हे बघायला कोणी नाही.

नववीतल्या एका मुलीचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). पहाटे उठून धाकट्या भावंडांचं आवरायचं, भाकरी थापायच्या, मग शाळेत यायचं. दुसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकायची. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही मॅडम." एका मधल्या सुट्टीत मी काहीच न विचारता तिच्याशेजारी डबा खात बसले, तेव्हा ती बोलली. उसाची ट्रॉली उलटल्याचा व्हिडिओ गावात फिरत होता आणि आईचा फोन लागत नव्हता. फडात रेंज नसते. ती टोळी दुसरीच होती, पण हे कळेपर्यंत पोरीने दोन रात्री डोळा मिटला नव्हता. आणि त्याच आठवड्यात चाचणीत कमी गुण पडले म्हणून तिला वर्गात उभं केलं होतं.

उभं करणाऱ्या सरांवर माझा राग नाही. रिक्त पदांमुळे त्यांच्याकडे जादा तास आहेत, शिवाय बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम, आणि रात्री अकराला ग्रुपवर "उद्या दहापर्यंत माहिती भरा" असा निरोप. घरी वडील आजारी. परवा स्टाफरूममध्ये त्यांचे हात थरथरत होते, आणि आम्ही सगळे वह्यांत डोकं घालून बसलो, कारण काय बोलावं हेच कोणाला कळेना. मुलांचं ऐकून घ्यायचं तर आधी या माणसांना कोणीतरी सावरायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. आमच्या संचमान्यतेत (शासनाने शाळेला मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) असं पदच नाही, मग पगार कुठून द्यायचा यावर सगळं अडतं. तुमच्यापैकी कोणाच्या अनुदानित शाळेत ही सोय झाली असेल, तर पैसे कसे उभे केले ते कृपया सविस्तर लिहा. समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येऊ शकतील असं एकीने सुचवलं. पण ते वर्षभराने जाणार. ज्या मुलांना माणसं जाण्याचाच त्रास आहे त्यांच्यासाठी हे कितपत योग्य, याची मला धास्ती वाटते.

दुसरं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला शाळेत नियमित बोलावणं कोणाला जमलंय का? पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्यायचं की शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत? एखादं व्याख्यान होऊन फोटो निघतात, तसं नकोय. महिन्यातून एकदा का होईना, पण तोच माणूस परत परत यायला हवा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर आम्ही फलकावर लावलेत. फोन मात्र कार्यालयात, समोर लिपिक आणि शिपाई. तिथून कोणती मुलगी बोलणार? एखादी बंद खोली, वेगळा मोबाईल अशी व्यवस्था कोणी केली असेल तर कशी, तेही सांगा.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुलाने विश्वासाने सांगितलेलं लिहून ठेवायचं का, कुणाच्या ताब्यात? जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं, हे मला माहीत आहे. पण घरी फक्त ऐकू न येणारी आजी आणि आई-बाप फडावर, तेव्हा नेमकं काय करता?

शिक्षकांसाठी काही टिकलेलं असेल तर तेही लिहाच. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक आणि संस्थेच्या सचिवांसमोर मला प्रस्ताव ठेवायचाय. कोणाकडे अर्जाचा किंवा ठरावाचा नमुना असेल तर शाळेचं नाव खोडून इथे टाकाल का?