‘गर्भपात’, ‘मृतजन्म’, ‘समुपदेशन’: पर्याय हवेत

महासाथीच्या काळात पोटातलं किंवा नुकतंच जन्मलेलं बाळ गमावलेल्या आईवडिलांशी कसं बोलावं, यावर परिचारिकांसाठी मराठीत पत्रक करतेय. ‘मिसकॅरेज’ला गर्भपात, ‘स्टिलबर्थ’ला मृतजन्म आणि ‘बिरीव्हमेंट सपोर्ट’ला शोक-समुपदेशन, चालेल?

—

‘गर्भपात’ टाळा. केलेला आणि आपोआप झालेला, दोन्हींना आपण तोच शब्द वापरतो. फरक उरतो फक्त क्रियापदात, आणि तेवढ्या फटीतून संशय आत शिरतो. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात असा भेद आहे. पण तो महिन्यांचा, कारणाचा नव्हे. बोलताना सरळ ‘बाळ गेलं’ म्हणा.

—

मृतजन्म नोंदवहीत ठीक. जागतिक आरोग्य संघटना देशांची तुलना करताना २८ आठवड्यांपासून पुढे मृतजन्म मोजते. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतला तो नवजात मृत्यू. एकीकडे आठवडे, दुसरीकडे दिवस, भाषांतरात हमखास घोळ होतो. आईवडिलांसमोर मात्र ‘बाळ’च. नाव ठेवलं असेल तर नावानं.

(कोशात ‘मृतवत्सा’, म्हणजे मूल गेलेली बाई, सापडेल. तिथेच राहू द्या. बापासाठी तसा शब्दही कुणी केला नाही, यावरूनच काय ते कळतं.)

—

मला ‘समुपदेशन’ खटकतं. त्यात उपदेश दडलाय, आणि या आईवडिलांना तो सगळीकडून फुकट मिळतच असतो. ‘सोबत’ घ्या. अरबी ‘सोहबत’वरून आलेला, पण आता पुरता आपला. ‘सोबतीला कोण आहे?’ हा प्रश्न दवाखान्यात पहिला येतो. महासाथीत नेमकं तेच हिरावलं गेलं: आईजवळ एकच माणूस, कुठे तोही नाही, बाप फोनवर. आणि हो, पत्रकात ‘सामाजिक अंतर’ नको, ‘शारीरिक अंतर’ लिहा. आरोग्य संघटनेनंही मार्च २०२० मध्ये हाच बदल केला होता.

—

‘सोबत’ पटलं. पण प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला काय म्हणू?

—

पदनाम समुपदेशकच असू द्या, मथळा ‘दुःखात सोबत’. आणखी एक. ‘निदान’नं सुरू होणारी वाक्यं काढून टाका: ‘निदान लवकर तरी गेलं’, ‘निदान तू तरी वाचलीस’. दवाखान्यात निदान आजाराचंच बरं.

—

मसुद्यात दोनदा सापडलं. एक तर मी स्वतः, धीर द्यायचा म्हणून, घातलेलं. काढते.