'सदर कज्जा सदरेंत गेला', म्हणजे नक्की कुठे?

भाषांतरवाली: जुन्या वर्तमानपत्राच्या एका कात्रणाचं इंग्रजी करतेय, त्यात हे वाक्य अडलंय. पहिलं सदर म्हणजे 'वर सांगितलेला', ते कळलं. दुसऱ्याला मी दिवाणखाना केलं, वाड्याची सदर असते ना, तसं. आता काम देणारे विचारतायत की भांडण दिवाणखान्यात कशाला गेलं? कॉलम तर बसतच नाही.

शाईचा डाग: कॉलम असता तर 'सदरांत' छापलं असतं. ते सदर नपुंसकलिंगी, 'या सदराखाली', खर्चाचं सदर वगैरे. 'सदरेंत' म्हणजे ती सदर.

चौकट: कंपनीच्या काळात वरच्या कोर्टाला सदर अदालत म्हणायचे, मुंबईची सदर अदालत १८६२ साली हायकोर्टात गेली. अदालत पण स्त्रीलिंगीच, लोक नुसतं सदर म्हणत असणार. अपील झालंय, बाकी काही नाही.

आजोळकर: असणार म्हणजे? आमच्या आजोळच्या वाड्यात सदर होती, दोन पायऱ्या चढून वर, लोड-तक्के मांडलेले, आजोबा तिथे बसून कुळांचे तंटे ऐकायचे आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी. त्यामुळे ताई, दिवाणखाना अगदीच चुकला नाही तुमचा.

चौकट: पण तो कज्जा सदरेवर येणार ना, सदरेंत कसा?

आजोळकर: तेव्हाच्या कंपॉझिटरला विचारा.

रात्रपाळी: सदरवरून आठवलं. पेपरात नवीन असताना पोलिसांच्या प्रेसनोटमधून 'सदर इसमाने सदर महिलेस सदर ठिकाणी' असं जसंच्या तसं उचललं, आमच्या वरिष्ठांनी तिन्ही सदरांवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, बातमी लिहितोयस की पंचनामा? अजून कुठे सदर दिसलं की हात शिवशिवतो.

शुद्धमती: मूळ शब्दच अरबी. 'उपरोक्त' आणि 'स्तंभ' असताना हे हवंय कशाला? सावरकरांचे दिनांक, महापौर रुळलेच ना?

रात्रपाळी: ते रुळले, मान्य. स्तंभलेखकही रुळला, पण 'रविवारी माझा स्तंभ येतो' म्हटलं की मला विजेचा खांबच दिसतो. आणि उपरोक्त कशाला, 'तो' म्हणा की सरळ.

शाईचा डाग: अरबीत सद्र म्हणजे छाती, त्यावरून पुढची, मानाची जागा, मग मुख्य. उर्दूत राष्ट्राध्यक्ष तो सदर. आपला कॉलम त्याच घरातला, 'वर लिहिलेलं' म्हणून मथळा आणि मथळ्याखालचं ते सदर, असं मला वाटतं. आणि छातीवर घालतो तो सदरा!

शुद्धमती: सदरा पारशांच्या सुद्र्यावरून आलाय, उगाच अरबस्तानात नेऊ नका.

शाईचा डाग: मग सदरी कुठून आली? बिनबाह्यांची, फक्त छातीपुरती?

भाषांतरवाली: अहो, सदरा राहू द्या. मी 'वरचं कोर्ट' लिहू का?

चौकट: अंक कधीचा आहे? १८६२ च्या आधीचा असेल तर बिनधास्त लिहा, नंतरचा असेल तर आजोळकरांचे लोड-तक्के.

भाषांतरवाली: तारखेचा कोपराच फाटलाय.

आजोळकर: सदरी आमच्याकडे थंडीत घालायचे, आत कापूस भरलेली.