शब्दचर्चा : ‘स्वमग्न’ म्हणजे नेमके कशात मग्न?

प्रश्न

माझे वय 52 आहे आणि गेल्या काही महिन्यांपासून ऑटिझमच्या (म्हणजे संवाद, संवेदना आणि अवधान यांच्या जन्मजात वेगळ्या घडणीच्या) दृष्टीने माझी तपासणी सुरू आहे. प्रौढ वयात निदान करायचे असले तरी ही वैशिष्ट्ये बालपणापासून होती का, हे पाहावेच लागते. त्यामुळे तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना माझ्या आईशी बोलायचे आहे. आई 79 वर्षांची असून तिचे वाचन चांगले आहे, मात्र ‘ऑटिझम’ हा शब्द तिच्या कानावरून गेलेला नव्हता. म्हणून मी कोशातला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द तिला सांगितला. त्यावर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “तू आणि स्वमग्न? दुसऱ्याला काय वाटेल, याच विचारात तुझे सारे बालपण गेले.”

तिचे म्हणणे खरे आहे आणि तपासणीत जे दिसू लागले आहे तेही खरे आहे. सुमारे 20 वर्षांपूर्वी ‘स्वमग्न मुले’ अशा मथळ्याचा एक लेख माझ्या वाचनात आला होता. ‘स्वतःतच रमणारी’ हे वर्णन मला लागू पडत नाही, असे ठरवून मी तो बाजूला ठेवला. शब्दाने त्या दिवशी माझी दिशाभूल केली की मीच तो नीट वाचला नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द कितपत योग्य आहे? आणि आईला नेमक्या कोणत्या शब्दांत विचारावे, म्हणजे ती न घाबरता मला जे हवे ते सांगू शकेल?

प्रतिसाद 1

आपली दिशाभूल झाली असेल तर तिचे मूळ मराठीत नाही, ते पार मूळ संज्ञेत आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 च्या आपल्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे वास्तवापासून तुटून स्वतःच्या अंतर्विश्वात शिरणे सांगण्यासाठी ‘ऑटिझम’ ही संज्ञा वापरली. तिच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ‘ऑटोस’ हा ग्रीक शब्द आहे. पुढे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचे वर्णन करताना आणि बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी 1944 मध्ये व्हिएन्नातील मुलांविषयी लिहिताना हीच संज्ञा उचलली. म्हणजे एका अवस्थेसाठी घडवलेला शब्द दुसऱ्याच अवस्थेला चिकटला आणि येताना आपला जुना अर्थही बरोबर घेऊन आला.

भाषांतरकारांनी मात्र आपले काम प्रामाणिकपणे केले. मराठीत ‘स्वमग्नता’, हिंदीत ‘स्वलीनता’, आणि जपानीत तर ‘स्वतःला बंद करून घेणे’ या अर्थाचा शब्द रूढ झाला. प्रत्येकाने ‘ऑटोस’चे भाषांतर केले, माणसाकडे पाहून नवा शब्द घडवण्याचा विचार कोणी केला नाही. याला मला ठाऊक असलेला एक सुंदर अपवाद न्यूझीलंडच्या माओरी भाषेत आहे. तेथे केरी ओपाई यांनी ‘ताकिवातांगा’ असा शब्द घडवला आणि त्याचा आशय ‘आपापल्या काळात आणि अवकाशात’ असा आहे. त्यात ‘स्व’ आहे, पण तो कोंडलेला नाही.

प्रतिसाद 2

वापराविषयी थोडक्यात लिहितो. ‘ऑटिझमग्रस्त’ आणि ‘ऑटिझमपीडित’ हे शब्द टाळावेत. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. ग्रहणासाठी तो ठीक आहे, माणसाच्या जन्मजात घडणीसाठी नाही. ‘ऑटिस्टिक व्यक्ती’ म्हणावे की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’, याबाबत ज्याचे त्याला विचारावे. अनेक प्रौढांना पहिली रचना आवडते, कारण दुसरीत ती गोष्ट काढून ठेवता येण्याजोगी वाटते. ‘आजार’ हा शब्दही नको, कारण आजार म्हटले की पुढचा प्रश्न ‘बरा कधी होणार?’ असाच येतो.

प्रतिसाद 3

‘स्व’वरचा आक्षेप मला मान्य आहे, पण ‘मग्न’ हा शब्द टाकून देण्याआधी त्याच्याकडे जरा निरखून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

‘मग्न’ हे संस्कृत ‘मज्ज्’ या धातूचे रूप असून त्याचा अर्थ ‘बुडालेला’ असा आहे. ‘निमज्जन’ त्याच धातूपासून आले. मराठीत आपण हा शब्द निंदेसाठी क्वचितच वापरतो. कामात मग्न, वाचनात मग्न, चिंतनात मग्न, असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात आदर असतो. आता 2005 मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर या ऑटिझमच्या अभ्यासकांनी मांडलेला विचार पाहा. त्यांच्या मते ऑटिस्टिक व्यक्तीचे अवधान एका वेळी थोड्याच गोष्टींकडे, पण फार खोलवर ओढले जाते. इतरांचे लक्ष अनेक गोष्टींवर पातळ पसरलेले राहते, तर यांचे एकाच ओघाने वाहते. त्यामुळे त्या प्रवाहातून अचानक बाहेर काढले जाणे, एकाच वेळी बोलणे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपणे आणि मागचा पंख्याचा आवाजही सहन करणे, हे अतिशय थकवणारे ठरते. म्हणजे बुडणे खरे आहे, मात्र ते स्वतःमध्ये नाही. ते एखाद्या विषयात, नकाशात, यंत्रात, शब्दाच्या व्युत्पत्तीत, किंवा आपल्या आईच्या सांगण्याप्रमाणे ‘दुसऱ्याला काय वाटेल’ या न सुटणाऱ्या प्रश्नातही असू शकते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठीत निदान नसतानाही अशा माणसांसाठी शब्द होतेच. ‘एककल्ली’, ‘घुमा’, ‘एकलकोंडा’, ‘तऱ्हेवाईक’, ‘माणूसघाणा’ ही सगळी विशेषणे बाहेरून पाहणाऱ्याने दिलेली आहेत आणि त्यांतील प्रत्येक विशेषण एकेका वैशिष्ट्याचा दोष करून टाकते. उशिरा निदान झालेल्या माणसाला अशी विशेषणे एकेक करून उतरवावी लागतात. ‘एककल्ली’ म्हणजे ज्याचे अवधान एका ओघाने वाहते तो, असे त्याला स्वतःला कोणी लहानपणी समजावून सांगितलेले नसते.

प्रश्नकर्ती

यांतील ‘घुमी’ आणि यांत नसलेले ‘शिष्ट’ अशी दोन विशेषणे माझ्या वाट्याला आली. पुढे नोकरीत ती गळून पडली, कारण तोवर मी बोलायला शिकले होते. ‘शिकले’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, ‘कसे आहात?’ या प्रश्नाला खरे उत्तर अपेक्षित नसते, हसू कुठे संपवायचे, हे सगळे मी व्याकरणासारखे पाठ केले. संध्याकाळी घरी आल्यावर दिवा न लावता तासभर बसून राहावे लागे. ते थकणे सगळ्यांनाच होत असते, अशी माझी पक्की समजूत होती.

याला ‘मास्किंग’ म्हणतात, असे मला तपासणीत कळले. मराठीत त्यासाठी ‘मुखवटा’ म्हटले की लोकांच्या मनात लबाडी येते. ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ हे शब्द तर त्याहून वाईट आहेत. कोणालाही फसवण्याचा माझा हेतू नव्हता. दुसरा शब्द सुचवता येईल का?

प्रतिसाद 4

‘निभावणे’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘तिने कसेबसे निभावून नेले’ या वाक्यात कष्ट आहेत आणि कपट नाही. त्याचे प्रकार सांगायचे असतील तर, या वर्तनाचे मापन करणाऱ्या 25 विधानांच्या प्रश्नावलीत तीन भाग केलेले आहेत आणि ते मराठीत सहज सांगता येतात. अडचणीवर तोड काढणे हा पहिला, वेगळेपण झाकणे हा दुसरा आणि मिसळल्यासारखे राहणे हा तिसरा.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत याची दखल आहे. ही वैशिष्ट्ये लहानपणापासून असावी लागतात, मात्र परिस्थितीच्या मागण्या व्यक्तीच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट होतीलच असे नाही, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती झाकली जाऊ शकतात, असा तेथील आशय आहे. त्याआधीची परिस्थिती लक्षात घ्या. याच पुस्तिकेच्या 1980 च्या आवृत्तीत या अवस्थेचे नावच ‘अर्भकावस्थेतील ऑटिझम’ असे होते. आपल्या वयाच्या, अस्खलित बोलणाऱ्या आणि अभ्यासात बरी असलेल्या मुलीकडे त्या काळी कोणी या दृष्टीने पाहणेच शक्य नव्हते. अशा अनेक स्त्रियांवर वर्षानुवर्षे फक्त चिंता किंवा नैराश्य यांचे उपचार झाले आणि मूळ कारण मागेच राहिले.

प्रतिसाद 5

मला येथे काहीशी वेगळी बाजू मांडायची आहे. माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, तो बोलत नाही आणि त्याला चोवीस तास सोबत लागते. ‘स्वमग्न’ या शब्दामुळेच मला माझ्यासारखे इतर पालक भेटले. हा शब्द चुकीचा ठरवून काढून टाकला, तर आमच्या मुलांची ओळखही पुसट होईल, अशी भीती वाटते. ऑटिझमसाठी ‘वर्णपट’ (स्पेक्ट्रम) हा शब्द आल्यापासून ‘आपण सगळेच थोडेफार ऑटिस्टिक असतो’ हे वाक्य मी वारंवार ऐकते आणि प्रत्येक वेळी ते टोचते.

प्रतिसाद 3 चे लेखक

आपले म्हणणे मी पूर्ण गांभीर्याने घेतो. ते वाक्य चुकीचेच आहे आणि ते ‘वर्णपट’ या शब्दाच्या चुकीच्या वाचनातून आले आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ही कल्पना रुजवली, तेव्हा त्यांना ‘थोडे’पासून ‘फार’पर्यंत जाणारी पट्टी अभिप्रेत नव्हती. वर्णपटात तांबड्या रंगाला कोणी सौम्य जांभळा म्हणत नाही. भाषा, संवेदना, हालचाली, बदल सोसण्याची क्षमता, असे अनेक रंग प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्तीत वेगवेगळ्या प्रमाणात असतात. प्रतिसाद 4 मध्ये आलेल्या 2013 च्या निदानपुस्तिकेतील तीन स्तरही व्यक्तीला किती आधार लागतो यावरून ठरवलेले आहेत. म्हणूनच ‘सौम्य ऑटिझम’ हा प्रयोग मला खटकतो. बहुतेक वेळा इतरांना जो सौम्यपणे जाणवतो, त्याला आपण सौम्य म्हणतो. तो सोसणाऱ्याला कसा आहे, हे त्या विशेषणातून कळत नाही. आपल्या मुलाला लागणारा आधार आणि प्रश्नकर्तीला लागणारा आधार यांत मोठे अंतर आहे. ते अंतर भाषेत स्पष्टपणे दिसलेच पाहिजे, आणि त्यासाठी आधाराविषयी बोलणारे शब्द लागतील. ‘स्वमग्न’ हा शब्द आपल्याला सोबत देत असेल, तर तो आपल्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रतिसाद 6

‘निदान’ या शब्दाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. वैदिक संस्कृतात ‘निदान’ म्हणजे बांधण्याची दोरी. त्यातून ‘मूळ कारण’ हा अर्थ आला आणि आयुर्वेदाने तो रोगाच्या कारणमीमांसेसाठी स्वीकारला. मराठीत मात्र ‘निदान एवढे तरी’ असा ‘कमीत कमी’ या अर्थाचाही वापर आहे. प्रौढ वयात तपासणी करून घेणाऱ्यांना ‘आता या वयात त्याचा काय उपयोग?’ असे विचारले जाते, तेव्हा हे सगळे अर्थ माझ्या मनात येतात. विखुरलेल्या आठवणींना बांधणारी एक दोरी मिळते, कारण कळते, आणि निदान यापुढे तरी आवाज, उजेड, विश्रांती यांबाबत काय हवे ते संकोच न करता मागता येते.

मात्र निदान आणि चाळणी यांत फरक करावा. 2001 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली 50 विधानांची प्रश्नावली अनेक जण स्वतः भरून पाहतात. तीत 32 किंवा त्याहून अधिक गुण आले की पुढे तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ होतो. सामाजिक भीती, अवधानाच्या अडचणी, जुने आघात यांमुळेही गुण वाढू शकतात, आणि उत्तम निभावून नेणाऱ्या व्यक्तीचे गुण कमीही येऊ शकतात. म्हणूनच सविस्तर मुलाखत, प्रत्यक्ष निरीक्षण आणि बालपणाची माहिती यांची जोड लागते. आईशी बोलण्यासंबंधी एक सुचवते. संज्ञा आणि ‘लक्षण’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. मराठीत ‘हिची लक्षणे ठीक दिसत नाहीत’ असे आपण रागावूनच म्हणतो, त्यामुळे लक्षणे विचारली की आई बचावाच्या पवित्र्यात जाते. फक्त प्रसंग विचारा.

प्रश्नकर्ती

मी आपला सल्ला मानला. काल आईला एवढेच विचारले, “लहानपणी मी कशात मग्न असायचे?” ती बराच वेळ बोलत राहिली. रेल्वेचे वेळापत्रक मी गोष्टीच्या पुस्तकासारखे रोज वाचायचे. आकाशवाणीवरील निवेदिकेच्या वाक्यांतून मी बोलायला शिकले आणि म्हणून घरातही निवेदन केल्यासारखे बोलायचे. फ्रॉकच्या आतली शिवण टोचते म्हणून मी तो उलटा घालायचे, आणि पाहुणे येणार असले की त्यांना काय बोलायचे याचा सराव आरशासमोर करायचे. हा शेवटचा भाग मला स्वतःला आठवत नव्हता. तेव्हा मी 6 वर्षांची होते.

मग ती म्हणाली, “तुला कशाचा तरी त्रास होतो आहे, हे मला दिसायचे, पण त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हते.” मी तिला ‘ऑटिझम’ हा शब्द पुन्हा सांगितला आणि तिने तो वहीत देवनागरीत लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात ती मानसशास्त्रज्ञांशी बोलणार आहे आणि ती वही बरोबर आणणार आहे.