रोज पोस्ट टाकण्याआधी हेडलाइन बघा

‘रोज एक पोस्ट टाकत राहा, ब्रँड आपोआप बनतो’ असा लिंक्डइनवर बऱ्याच जणांचा सूर आहे. अर्धाच खरा. पोस्ट आवडली म्हणून माणूस प्रोफाइलवर येतो आणि तिथे त्याच्या हाती काहीच लागत नाही. खरी गळती तिथे होते.

लिंक्डइनच्या हेडलाइनला (प्रोफाइलवर नावाखाली दिसते ती ओळ) २२० अक्षरं मिळतात, पण कमेंटशेजारी त्यातली सुरुवातीचीच दिसतात. म्हणून काम आधी, विशेषणं नंतर (किंवा नकोतच). ‘ध्येयवेडा, सतत शिकणारा, टीम प्लेअर’ हे कुणालाही चिकटवता येतं. त्याऐवजी ‘इन्व्हेंटरी अ‍ॅनालिस्ट : गोदामातला साठा आणि हिशेबातला साठा जुळवतो, एक्सेल, एसक्यूएल’ असं लिहा. भरती करणारे शोधताना टाकतात ते शब्द त्यात आपसूक येतात.

पोस्ट आठवड्याला एक पुरे. विषय दोनच धरा. एका पोस्टमध्ये एकच अडचण घ्या: काय बिघडलं, काय करून पाहिलं, कशाने सुटलं. आकडे कंपनीचे गोपनीय असतील तर टक्केवारीसुद्धा देऊ नका, फक्त पद्धत सांगा. एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर मुलाखतीत उघडा पडतो, कारण समोरचा लगेच विचारतो, ‘हे नेमकं कसं केलंत?’

आणि हो, रेझ्युमेतली पदनामं, तारखा प्रोफाइलशी ताडून पाहा. पार्श्वभूमी तपासणीत दोन महिन्यांचा फरक निघाला तरी खुलासे देत बसावं लागतं.