पंजाचं बँडेज निसटतंय, घट्ट केलं तर बोटं सुजतात

कोथरूडकर: वेताळ टेकडीवर बाटलीची काच लागून आमच्या लॅब्रॅडॉरच्या पुढच्या पंजाची गादी चिरली आहे. आत काच राहिलेली नाही, टाक्यांची गरज नाही, रोज ड्रेसिंग करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण बँडेज तासाभरात निसटतं, घट्ट बांधलं की बोटं सुजतात. जखम हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतोय. कुठे चुकतंय?

पट्टीबंधन: पेरॉक्साइड आजच बंद करा. फेस आला की जखम साफ झाली असं वाटतं, पण त्याने भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात. मेडिकलमधून नॉर्मल सलाइन आणा आणि २० मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, धार मारून धुवा. सलाइन नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा पाऊण चमचा मीठ चालेल. बीटाडीन वापरायचं तर फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.

आता बांधणी. पंजा कोरडा करा, बोटांच्या फटींत आणि वरच्या सुट्या नखाखाली कापसाचे पातळ बोळे ठेवा. चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या पायाच्या दोन्ही बाजूंना उभ्या चिकटवा आणि त्यांची टोकं कुत्र्याच्या बोटांच्या पुढे आपल्या चार बोटांच्या रुंदीइतकी मोकळी सोडा. जखमेवर न चिकटणारी जाळी, त्यावर कापूस, मग गॉजचा रोल. सुरुवात बोटांपासून करून वर जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा आला पाहिजे. मग ती मोकळी टोकं उलटी वळवून गॉजवर चिकटवा आणि वरून चिकट क्रेप (स्वतःलाच चिकटणारी ताणपट्टी) गुंडाळा. या दोन पट्ट्यांमुळेच बँडेज मोज्यासारखं निघून येत नाही. ते मनगटाच्या सांध्याच्या वरपर्यंत न्या; खालीच संपवलंत तर चालताना सरकणारच.

सूज येते ती मधेच आवळल्यामुळे. चिकट क्रेप थेट रोलवरून ताणून गुंडाळला की तो नंतरही आवळत राहतो. आधी उलगडून सैल करा, मग हलक्या ताणाने लावा. मधली दोन नखं उघडी ठेवा. ती एकमेकांपासून फाकली किंवा बोटं गार लागली तर बँडेज ताबडतोब सोडा.

औंधकर: पावसात बाहेर नेताना सलाइनच्या रिकाम्या पिशवीचा मोजा करून वर चढवा, घरात येताच काढा. कुत्र्याला पंजाच्या गादीतूनच घाम येतो, त्यामुळे प्लॅस्टिक तसंच राहिलं तर आतली कातडी भिजून पांढरी पडते. ओलं बँडेज लगेच बदलायचं, नाही तर २४ तासांनी. वास येऊ लागला किंवा कुत्रा बँडेज एकसारखं चावू लागला तर वाट न पाहता उघडून बघा. चाटण्यावर गळ्यातल्या शंकूसारख्या कॉलरशिवाय खरा उपाय नाही.

कोथरूडकर: हळद भरू का? आणि दुखण्यासाठी घरातली गोळी?

पट्टीबंधन: हळदीचा गोळा आत सुकून घट्ट बसतो, मग घाण अडकते आणि जखमेचा तळ दिसत नाही. नको. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तिच्या जिवावर बेतते. डेटॉलही मांजरासाठी विषारी. वेदनाशामक डॉक्टरांकडून, वजनानुसारच घ्या.

औंधकर: माश्या बसू देऊ नका. पावसाळ्यात उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या दिसू शकतात. रॉकेल किंवा फिनेल ओतू नका, त्याने मांस जळतं. अळ्या दिसल्या तर घरी टोकरत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा. खोलवर गेलेल्या अळ्या भूल देऊनच निघतात.