चर्चिलला अस्वलांसाठी जावे, की बेलुगा पाहून समाधान मानावे?

उत्तररंग : हडसन उपसागराच्या काठावरचे चर्चिल हे हजाराहून कमी वस्तीचे कॅनेडियन गाव ध्रुवीय अस्वलांसाठी जगप्रसिद्ध आहे, आणि टोरोंटो-विनिपेगच्या आपल्या मंडळींत दिवाळीच्या सुमारास तिथल्या सहलीचा विषय निघतोच. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे जाऊच नये. ही अस्वले समुद्रावरील बर्फावर सील मारून जगतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ती किनाऱ्यावर येतात आणि समुद्र पुन्हा गोठेपर्यंत, दिवसाला साधारण किलोभर वजन गमावत, जवळजवळ उपाशी राहतात. अशा प्राण्याभोवती उंच चाकांच्या गाड्या उभ्या करून छायाचित्रे काढणे मला पटत नाही. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जावे. चर्चिल नदीच्या मुखाशी तेव्हा हजारो बेलुगा देवमासे येतात, आणि पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकातून त्यांच्या शिट्ट्या व किलबिल होडीत बसून ऐकता येते.

पाणकोंबडा : आपली कळकळ खरी, पण हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची अंदाजित संख्या २०१६ मधील ८४२ वरून २०२१ मध्ये ६१८ वर आली, आणि या दीर्घकालीन घसरणीचे मुख्य कारण म्हणून अभ्यासक बोट दाखवतात ते घटत्या बर्फाकडे. पर्यटकांच्या गाड्यांकडे नव्हे. त्या गाड्यांचे परवानेही मर्यादित आहेत आणि त्या बहुतांशी जुन्या लष्करी वाटांवरूनच फिरतात. पुष्कळदा अस्वलच गाडीपाशी येते, मागच्या पायांवर उभे राहते आणि सज्जाच्या लोखंडी जाळीला खालून नाक लावून माणसांचा वास घेते. उलट, बेलुगा आपले सगळे व्यवहार आवाजावर चालवतात आणि नदीमुखाशी पिल्लांसह येतात. तिथे मोटारबोटींची घरघर निरुपद्रवी कशी ठरते, ते कृपया सांगावे.

उत्तररंग : बोटींचा मुद्दा रास्त आहे, म्हणून वल्ह्यांची होडी घ्यावी. मात्र परवाने मर्यादित आहेत म्हणून त्रास होत नाही, असे म्हणता येत नाही. गाड्या जवळ असताना विसावलेले नर अधिक वेळा मान वर करून पाहतात, हे चर्चिलमध्येच झालेल्या निरीक्षणांत नोंदलेले आहे.

तिसरा काठ : आपण दोघेही गावाला विसरत आहात. पूर्वी तिथल्या कचरा डेपोवर अस्वले चरत असत. तो या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाला. आज कोणी गावात अस्वल पाहिले की वनरक्षकांना फोन जातो. ते आधी फटाक्यांच्या आवाजाने त्याला पिटाळतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर सापळ्यात पकडून १९८० च्या दशकापासून असलेल्या कोंडवाड्यात ठेवतात. तिथे पाणी मिळते, अन्न मात्र मुद्दाम दिले जात नाही, कारण गावात आयते खायला मिळते हे एकदा कळलेले अस्वल पुन्हा येतेच. पुढे हेलिकॉप्टरने त्याला दूर उत्तरेला सोडतात. इतक्या खटाटोपासह अस्वलांचा शेजार सोसणाऱ्या गावाला त्या शेजारातून काही मिळायला नको का? तिथे रस्ता जात नाही. २०१७ च्या पुराने रूळ वाहून गेले, तेव्हा आगगाडी जवळपास दीड वर्ष बंद होती. शरद ऋतूतले पर्यटन काढून घेतले, तर त्या गावात रोजगार उरतो किती?

पाणकोंबडा : याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. भर इतकीच, की पुण्या-मुंबईहून विमाने बदलत तिथे जाऊन वितळत्या बर्फाबद्दल हळहळणाऱ्यांविषयी माझ्या मनात अढी आहे. कॅनडातच राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी विनिपेगहून आगगाडीने जावे.

उत्तररंग : आगगाडीला सुमारे दोन दिवस लागतात, आणि गोठलेल्या दलदलीवरच्या त्या रुळांवर उशीरही होतो. चार दिवसांची रजा टाकणारे विमानच धरणार. गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न मला मान्य आहे. पण मग जुलैत जाणाऱ्याचे पैसेही त्याच गावात राहतात, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर एखादे अस्वल दिसण्याचीही शक्यता असते. शरदातली गर्दी तिकडे वळवायला काय हरकत आहे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.