न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत: कुठे थांबायचं, काय खायचं?

पुणेरी_क्लच

नमस्कार मंडळी. जानेवारीपासून आम्ही जर्मनीत कोलोनला आहोत. मी, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला गाड्यांचं प्रचंड वेड, फॉर्म्युला वन एकही चुकवत नाही. ऑफिसातले लोक म्हणतात, न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीला जा, तंबू ठोका आणि तिथेच राहा. पण बायको शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. तिथे सॉसेज सोडून काही मिळतं का? एवढ्या लहान मुलाला घेऊन रात्री जंगलात राहणं बरं का? की पैसे साठवून थेट बेल्जियमला, स्पाच्या फॉर्म्युला वनलाच जावं? कोणी गेलं असेल तर सविस्तर सांगा.

---

घाटमाथा

मी स्पालाच जा म्हणेन. तिथल्या ट्रॅकवरचा ओ रूजचा चढ टीव्हीवर सपाट वाटतो, तिथे मान वर करून बघावं लागतं. आणि बेल्जियमच्या फ्राइज! तुमच्या घरच्यांचा खाण्याचा प्रश्नच मिटला.

---

बिडाचा_तवा

दादा, मुलगा नऊ वर्षांचा आहे ना? मग रिंगलाच न्या.

मी मूळची कोल्हापूरची. बॉनला राहते, धातूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्यामुळे लोखंड किती तापलं की कोणत्या रंगाचं दिसतं हे घरातच शिकले. ते इथे कामाला येतं. फॉर्म्युला वनच्या ब्रेक डिस्क कार्बनच्या असतात, पण रिंगवर पळणाऱ्या जीटी३ गाड्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या, डिस्क बिडाच्या. रात्री अकराच्या सुमारास जीपी ट्रॅकच्या (रिंगच्या नव्या भागाच्या) पहिल्या वळणाजवळच्या स्टँडवर मुलाला घेऊन बसा. सरळ रस्त्यावरून गाडी सुसाट येते, ब्रेक दाबला जातो आणि चाकाच्या आरांमधून डिस्क आधी काळपट लाल, मग चक्क नारिंगी झालेली दिसते. गाडी वळली की रंग उतरायला लागतो, तोवर मागून दुसरी येते. कॅमेरा रंग दाखवतो, तापलेल्या ब्रेकचा वास नाही दाखवत. त्या वासात मी तास तास बसते.

ही शर्यत १९७० पासून होते आणि ट्रॅक त्याहून खूप जुना, १९२७ चा. जुना डोंगरातला नॉर्डश्लाइफे २०.८ किलोमीटरचा, त्याला नवा जीपी ट्रॅक जोडला की एक फेरी २५ किलोमीटरच्या वर जाते. शंभराहून जास्त गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर पळतात. पुढच्या जीटी३ गाड्यांना फेरीला आठ मिनिटांच्या थोडं वर लागतं, छोट्या गाड्यांना कितीतरी जास्त, त्यामुळे रस्ता कधी रिकामा राहतच नाही. काही वर्षं इथे एक डेशिया लोगन पळायची. आपल्याकडे २००७ पासून महिंद्रा-रेनॉने नाशिकला बनवली तीच लोगन. ती आली की कुंपणाला लागून उभे असलेले लोक पोर्शेपेक्षा जास्त ओरडायचे. ज्या शर्यतीत शेवटच्या गाडीलाही टाळ्या मिळतात ती मुलाने आधी बघावी असं मला मनापासून वाटतं.

आता जेवणाचं. स्टॉलवर भरवसा ठेवू नका. ब्राटवुर्स्ट, पावात घातलेलं डुकराचं स्टेक, करीवुर्स्ट, वाटाण्याचं घट्ट सूप (त्यातही सॉसेज), हे सगळीकडे. वहिनींना मिळणार बटाट्याच्या फ्राइज आणि पाव. राइबेकुखन नावाचा बटाट्याच्या किसाचा कुरकुरीत प्रकार दिसेल, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात आणि बघताक्षणी घ्यावासा वाटतो. पण बहुतेक ठिकाणी त्यात अंडं असतं, तेव्हा तो मुलाला द्या. ऱ्हाइनलँडमधला माझा सर्वांत आवडता पदार्थ तोच. आमच्या बटाट्याच्या उपासाच्या थालीपिठापेक्षा तो सरस आहे असं मी कोल्हापुरात सांगितलं तर आई बोलायची नाही, पण आहे.

घरून शिधा न्या आणि तिथे रांधा. तिथले सगळे तेच करतात, बुधवारपासून जाळ्या पेटलेल्या असतात. काही लोक परांच्या बांधून त्यावर सोफे चढवतात. रात्री धूर झाडांमध्ये इतका साठतो की गाडी चालवणाऱ्यांनाही आत भाजल्याचा वास येतो, असं ड्रायव्हर स्वतः सांगतात.

माझं सामान ठरलेलं: गॅसची शेगडी, बिडाचा तवा, भाजणी, घरची कांदा-लसूण चटणी, दही. कोलोनहून येताना वाकडी वाट करून बोर्नहाइमला थांबा. शर्यत मे-जूनमध्ये असते आणि तोच पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम. २४ जूनला तो संपतो. शेताच्या कडेला टपऱ्या लागलेल्या असतात, तिथेच स्ट्रॉबेरीही मिळते. जर्मन लोक हे कोंब उकडून त्यावर लोण्याचं पिवळं सॉस ओततात. मला ते पचपचीत लागतं. साल नीट काढून, उभे चिरून, तव्यावर लोण्यात परता आणि वरून चिमूटभर चटणी. कडेला डाग पडले पाहिजेत, आतून रस राहिला पाहिजे. भाकरी सोबत असेल तर वहिनी दुसरं काही मागणार नाहीत.

पुढे रिंगच्या वाटेवर मेकेनहाइम लागतं. तिथे बीटापासून काढलेला दाट काळा पाक बनतो, पिवळ्या डब्यात मिळतो. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं, चव घेतल्याबरोबर कळलं की ही काकवीचीच बहीण. काकवीला उसाचा आंबटसर वास असतो तो यात नाही, त्याऐवजी मातीची चव जास्त येते. गरम थालीपिठावर मात्र झकास. एकदा पावसात शेजारच्या तंबूतले आजोबा आमच्या छताखाली आले. मी त्यांना थालीपीठ दिलं, तर त्यांनी एका घासाला हा पाक लावला, दुसऱ्याला मोहरीची चटणी, आणि मोहरीचा घास जास्त आवडला म्हणाले. मी लावून बघितली. ज्वारी-बाजरीच्या खमंगपणाला ती तिखट मोहरी खरंच शोभते. त्यांनी बदल्यात मसुराचं सूप दिलं, माझी मैत्रीण शाकाहारी म्हणून तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, बेकन न घालता. कुठल्या वळणावर पाऊस आधी येतो, लांबून कोणत्या इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा, हे सगळं मला अशा चुलीजवळच्या माणसांनी शिकवलंय.

त्याच रस्त्यावर आल्टेनार लागतं. जुलै २०२१ च्या पुरात आर नदीने हे खोरं उद्ध्वस्त केलं, तेव्हा मदतीचं सामान आणि माणसं रिंगवर गोळा व्हायची. इथल्या लोकांचा रिंगवर जीव आहे तो फक्त शर्यतीमुळे नाही, हे जाताना मुलाला जरूर सांगा.

थंडीची तयारी हवीच. आयफेलचं, म्हणजे रिंगच्या या डोंगराळ भागाचं, हवामान म्हणजे एका वळणावर ऊन, दुसऱ्यावर गारा. २०२४ ला धुक्यामुळे शर्यत रात्रीच थांबवावी लागली, रविवारी सेफ्टी कारच्या (धोका असताना पुढे राहून सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीच्या) मागे थोड्या फेऱ्या झाल्या आणि आटोपली. जूनमध्येसुद्धा स्वेटर, गमबूट आणि जाड पांघरूण लागतं. ब्रुनशेन आणि फ्लान्झगार्टन या जागा बघायला उत्तम, पण रात्रभर गाणी-गोंधळ असतो. मूल घेऊन तिथे दिवसा जा, झोपायला शांत तळ शोधा.

---

लव्हेनकर

घाटमाथा, फ्राइजबद्दल थांबा. बेल्जियममध्ये पारंपरिक पद्धतीने त्या दोनदा तळतात आणि तळायला बऱ्याच ठिकाणी गाईची चरबी वापरतात. चव त्यामुळेच येते, हेही खरं. पुणेरी, वहिनींना देण्याआधी दर वेळी विचारा; वनस्पती तेलात तळणारी दुकानं आहेत. लिएजचा वॉफल खा, साखरेचे खडे कुरकुर वाजतात, पण त्यात अंडं असतं.

स्पा सुंदरच आहे, पण पाऊस तिथेही तितकाच. २०२१ ला लोक तासन् तास भिजले, गाड्या सेफ्टी कारच्या मागे काही फेऱ्या फिरल्या आणि निम्मे गुण देऊन मोकळे झाले. मुलाची पहिली शर्यत म्हणून एवढे पैसे तिथे घालायला माझंही मन होणार नाही.

---

पुणेरी_क्लच

ताई, बायकोला वाचून दाखवलं, ती शतावरीवर अडकली आहे! दोन शंका. आवाजाने मुलाच्या कानांना त्रास? आणि थेट तीन दिवसांचा तंबू म्हणजे जरा धास्ती वाटते. लव्हेनकर, चरबीचं सांगितलंत ते फार बरं झालं, आम्ही गेल्या महिन्यात ब्रसेल्सला जाऊन आलो.

---

बिडाचा_तवा

कानांवर बसणारे मफ घ्या, बांधकामवाल्यांच्या दुकानात मिळतात. मुलांच्या मापाचेच घ्या, मोठ्यांचे सैल बसतात आणि उपयोग होत नाही.

धास्ती वाटत असेल तर आधी एनएलएसची, म्हणजे रिंगवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिकेतली, एखादी शर्यत बघा. त्याच ट्रॅकवर, बहुतेक चार तासांची, शनिवारी. सकाळी निघून संध्याकाळी घरी. २४ तासांना येणाऱ्या बऱ्याच गाड्या आणि चालक तिथे सराव म्हणून उतरतात. तिकीट फॉर्म्युला वनच्या मानाने किरकोळ आणि त्यातच पॅडॉकमध्ये, म्हणजे संघ गाड्या तयार करतात त्या आवारात, फिरता येतं. मुलगा उघड्या इंजिनापासून हातभर अंतरावर उभा राहील, मेकॅनिकला प्रश्न विचारील, ते उत्तरं देतात. सुरुवातीआधी गाड्या रांगेत उभ्या असतात तेव्हा ट्रॅकवरही सोडतात. ऑगस्टमध्ये डीटीएम ही जर्मनीची मोठी कार शर्यतींची मालिकाही येते. त्यात २०२१ पासून आपला बंगळुरूचा अर्जुन मैनी पळतोय. मी कोल्हापुरातल्या भाच्याला गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर त्याचंच नाव सांगते.

केर्पेन तर तुमच्या अगदी जवळ. मिखाएल शूमाखर तिथेच कार्ट चालवत मोठा झाला. मुलाला तिकडे एक चक्कर हवीच.

एक राहिलं. २४ तासांची शर्यत बऱ्याचदा सुट्टीला जोडून गुरुवारपासून सुरू होते, आणि सुट्टीच्या दिवशी, रविवारी इथे दुकानं बंद. दूध, दही, गॅसची नळकांडी सगळं बुधवारीच भरून घ्या. कुकर न्यायला हरकत नाही. शेगडी मात्र सपाट फळीवर ठेवा, तिथली जमीन उताराची आहे. एनएलएसची तारीख ठरली की इथेच लिहा, त्या शनिवारी मी रिकामी असले तर बोर्नहाइमची टपरी दाखवायला येते.